बाजारात ओळख न देणाऱ्या मॅडम : मुलांच्या थेरपिस्टनं घराबाहेर, दवाखान्याबाहेर मर्यादा का पाळायच्या?

तारिहाळ (हुबळी), प्रतिनिधी : गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी दुर्गदबैलच्या बाजारात भाजी घेत होतो. पलीकडच्या गाड्यावर आमच्या पुतण्याला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम दिसल्या. मी आपली मोठ्यानं हाक मारली, "काय मॅडम, आमचं पोरगं कधी बोलणार?" मॅडम हसल्या, "नमस्कार सर, बाजार झाला का?" एवढंच म्हणाल्या आणि पैसे देऊन निघून गेल्या.

मला राग आला. महिन्याच्या महिन्याला फी देतो, घरी आल्या की चहा-उप्पीट होतं, आणि बाजारात धड ओळख द्यायची नाही?

तो राग पंधरा दिवसांत उतरला, पण वेगळ्याच कारणानं. माझ्या शेजारी आमच्याच गल्लीतली एक बाई कोथिंबीर निवडत उभी होती. तिनं ऐकलं, घरी जाऊन सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात नळावर भावजयीला कुणीतरी विचारलं, "तुमचं पोरगं मुकं आहे म्हणे?" गल्लीतल्या मुलांनी तोच शब्द उचलला. चार वर्षांचं पोर. भावजयीनं त्याला खाली खेळायला पाठवणं बंद केलं. ज्या पोरानं चार पोरांत मिसळून बोलायला शिकायचं, ते घरात कोंडलं गेलं. मॅडमनी चार महिने जी गोष्ट जपली, ती मी अर्ध्या मिनिटात बाजारात मांडली होती.

लिहिण्याआधी भावजयीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा भाऊजी. फक्त पोराचं नाव नको. आणि चूक तुमची होती तेही लिहा." लिहिलं.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. मुलांसाठी घरी येणाऱ्या थेरपिस्टची संख्या आपल्या भागात वाढते आहे. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण, समुपदेशन, अशी त्यांची कामं वेगवेगळी. पण या माणसांनी आपल्याशी कसं वागायचं आणि आपण त्यांच्याशी कसं, हे कुणी सांगत नाही. दवाखान्यात ते भिंती सांगतात. घरात भिंती आपल्याच असतात, म्हणून ते तोंडानं सांगावं लागतं.

थेरपिस्टला घरी का यावं लागतं?

तारिहाळ हे हुबळी-धारवाड महानगरपालिकेतलं गाव, पण लोक ओळखतात ते औद्योगिक वसाहतीमुळे. छोटे-मोठे कारखाने, शिफ्टची कामं. बाप पाळीवर, आई घरी किंवा तीही कामावर. हुबळीत किम्स आहे, वीसेक किलोमीटरवर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. तरी आठवड्यातून दोनदा पोराला घेऊन जायचं म्हणजे दोन अर्ध्या पगाराचे दिवस जातात. रांग, रिक्षा, बस वेगळीच.

शिवाय लहान मुलांच्या बाबतीत घरच बरं असं तज्ज्ञही सांगतात. मूल 'पाणी' हा शब्द शिकतं ते तहान लागल्यावर, स्वयंपाकघरातल्या माठापाशी. दवाखान्यात चित्र दाखवून तो शब्द म्हणवून घेता येतो, पण घरी आल्यावर मूल पुन्हा बोटच दाखवतं.

कायद्यानंही घराचा रस्ता मोकळा ठेवला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीव्र किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय त्यात मिळाला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात.

आणि मुलाच्या दारात जाणं आपल्याला नवं कुठं आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, म्हणून पाड्यातल्या अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणावर त्यांनी शाळा भरवली. मात्र शाळा दहाजणांसमोर भरते. उपचार एका मुलाचा असतो आणि त्यात त्या घरातली झाकली मूठ उघडलेली असते. फरक इथं आहे.

मर्यादा म्हणजे काय?

आपण सीमाभागातली माणसं. सीमा म्हटलं की आपल्याला भांडणच आठवतं. इथं अर्थ वेगळा आहे. मी कॉमर्सचा, म्हणून मला पटला तो हिशेब सांगतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी शिकवतात की मालक वेगळा, धंदा वेगळा. दुकानाचा गल्ला आणि घरखर्च एका डब्यात टाकला की धंदा बुडतो, आणि कधी बुडाला तेही कळत नाही. मालक वाईट असतो म्हणून हे होत नाही. दोन वह्या नव्हत्या म्हणून होतं.

थेरपीचंही तसंच. मॅडम घरी येतात ती एका कामाची वही. त्यात पाहुणचार, उसनवारी, मैत्री, मोठ्या मुलीची शिकवणी, भिशी हे सगळं एकाच पानावर आलं, की पोराचं काम मागं पडतं. आईला काही खटकलं तरी ती बोलत नाही, कारण आता मॅडम घरच्या झाल्या. मॅडमना काही अप्रिय सांगायचं असलं तरी त्या सांगत नाहीत, कारण दिवाळीची साडी घेतलेली असते.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ थॉमस गुथाइल आणि ग्लेन गॅबार्ड यांनी १९९३ साली एका लेखात या विषयातला उपयोगी भेद मांडला. मर्यादा ओलांडणं एक आणि मर्यादा मोडणं दुसरं. घसरून पडलेल्या मुलाला उचलून घेणं हे ओलांडणं, त्यात मुलाचं भलंच आहे. मुलाच्या आईकडून पैसे उसने घेणं, हे मोडणं. पहिल्याबद्दल उघडपणे बोलता येतं. दुसरं लपवावंसं वाटतं. ओळखायची सोपी खूण हीच. जे सगळ्यांसमोर सांगायला जीभ अडखळते, तिथं थांबावं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिताही प्रत्येक दुहेरी नात्याला गुन्हा म्हणत नाही. काम बिघडेल किंवा माणसाला इजा होईल असं नातं टाळा, असं ती सांगते. छोट्या गावात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इथं कोण कुणाचा पाहुणा नाही?

घरात : दार, चहा आणि शेजारीण

पहिला मुद्दा दाराचा. लहान मुलाचं सत्र चालू असताना घरातलं एक मोठं माणूस दिसेल अशा जागी असावं आणि दार उघडं असावं. हे मुलाच्या रक्षणासाठी आहे तसंच थेरपिस्टच्याही. एकटी बाई अनोळखी घरात जाते, तिच्या सुरक्षेचा विचार आपण करत नाही. आई कामावर आणि घरी फक्त पोर असेल तर सत्र पुढं ढकललेलं बरं. त्यात मॅडम नखरे करतात असं समजू नये.

मोठ्या मुलांचं गणित वेगळं. बारा-चौदा वर्षांचा मुलगा समुपदेशकाशी बोलतो तेव्हा त्याला आईनं ऐकायला नको असतं. दोन खोल्यांच्या घरात करायचं काय? इथं कामाला येणारा नियम असा, की दिसेल पण ऐकू येणार नाही. गच्चीचा जिना, अंगणाचा कोपरा, खिडकीतून दिसणारा कट्टा. देवळाचा पार मात्र नको, तिथं सगळं गाव बसलेलं असतं.

दुसरा मुद्दा स्पर्शाचा. बोलण्याचे व्यायाम शिकवताना गालाला, ओठांना हात लावावा लागतो. हाताचे व्यायाम असतील तर हात धरावा लागतो. चांगला थेरपिस्ट आधी आईला दाखवतो आणि मुलाला विचारतो. मूल बोलत नसलं तरी विचारतो. मुलानं मान मागं घेतली की थांबतो. 'नको' म्हणता येतं आणि समोरचा ते ऐकतो, हाही एक धडाच आहे.

तिसरा मुद्दा फक्त आपल्या भागातला, म्हणून थोडा सविस्तर. आमच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. मॅडम कन्नड बोलणाऱ्या, मराठी मोडकं-तोडकं. पहिली दोन सत्रं शेजारची कॉलेजातली मुलगी भाषांतराला बसली. गुणी मुलगी, काहीही वाईट मनात नाही. पण तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "अक्का, हिला नको बसवू. तुमच्या घरचंच कोणीतरी बसवा." तेव्हा भावजयीला नवल वाटलं. आता कळतं. भाषांतर करणाऱ्याला सगळंच ऐकावं लागतं. बाळंतपणात काय झालं, आकडी आली होती का, घरात भांडणं होतात का, बाप दारू पितो का. हे प्रश्न उपचारासाठी लागतात, पण शेजारणीच्या कानावर जायची गरज नाही. शेवटी धाकट्या भावानं आठवड्यातली एक पाळी बदलून घेतली आणि तो बसायला लागला. त्याचा आणखी एक फायदा झाला. बापालाही पोराशी कसं बोलायचं ते कळलं.

बेळगाव, निपाणी, बिदर, सोलापूर, गोवा, जिथं जिथं घरची भाषा एक आणि दवाखान्याची दुसरी, तिथल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही, त्यामुळे घरची मराठी सोडायचं कारण नाही. कोणती भाषा कशी वापरायची हे पालकांना विचारूनच ठरलं पाहिजे.

चौथा मुद्दा पाहुणचाराचा. आपल्याकडे दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. चहाचं काही नाही. तिळगूळ घ्या म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही. पोरानं काढलेलं चित्र तर मॅडमनी जरूर घ्यावं. पण साडी, सोनं, पाकीट, लग्नाचा आहेर नको. ताटावर बसवून जेवू घालायचं असेल तर त्या अर्ध्या तासात पोराचं सत्र गेलं, हेही ध्यानात घ्यावं. हे पहिल्या दिवशीच सांगून टाकणं सोपं. सहा महिन्यांनी नाही म्हटलं की मन दुखावतं.

आणि गाडीचा मुद्दा. "जाता जाता पोराला शाळेत सोडा की" ही आपली सहज विनंती. थेरपिस्टनं ती मानू नये. वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तर आहेच. शिवाय एकदा सोडलं की दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही.

बाजारात, जत्रेत, लग्नात

माझा बाजारातला राग ज्या नियमावर होता, तो नियम मॅडमनी नंतर समजावला. बाहेर भेट झाली तर पहिलं बोलायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. त्यांनी हात केला तर थेरपिस्ट नमस्कार करणार. त्यांनी नजर वळवली तर तोही पुढं जाणार. बोलणं झालं तरी पाऊसपाणी, बाजारभाव. उपचाराचा शब्द नाही, "आता बरं आहे ना?" एवढासुद्धा नाही. कारण बरं आहे का विचारणं म्हणजे काहीतरी बरं नव्हतं हे सांगणंच आहे.

मुलाला मात्र हे आधी सांगून ठेवावं लागतं. घरी तासभर खेळणारी अक्का बाजारात मिठी मारत नाही, याचं लहान मुलाला वाईट वाटतं. "बाहेर भेटलो तर आपण लांबून टाटा करायचा" असा खेळच ठरवून टाकला की काम होतं. आमच्या पोराला आता तो टाटा फार आवडतो.

लग्न-बारशाचं निमंत्रण आलं तर? त्यावर एकच उत्तर नाही. शहरात सरळ नाही म्हणता येतं. गावात थेरपिस्ट आणि पालक एकाच भावकीतले निघाले तर जावंच लागतं. जावं, जेवावं, आणि तिथं कुणी विचारलं, "तुम्ही यांच्या ओळखीच्या कशा?" तर काय सांगायचं हे आधी दोघांनी ठरवून ठेवावं.

मोबाइलमधलं घर

दवाखान्याबाहेरची सगळ्यात मोठी जागा आता व्हॉट्सॲप आहे. रात्री अकराला आई पोराचा व्हिडिओ पाठवते आणि उत्तराची वाट बघते. मॅडमनी वेळ ठरवून दिली तर ती पाळावी. पोराला आकडी आली, स्वतःला इजा करून घेतली, तर निरोपाची वाट न बघता दवाखाना गाठावा. मोठ्या मुलाच्या मनाची घालमेल असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा आहे.

फोटोबद्दल कडक राहायलाच हवं. पोरानं पहिला शब्द उच्चारला, तो व्हिडिओ थेरपिस्टच्या स्टेटसला गेला, 'आमच्या केंद्राचं यश' म्हणून. आईबापही खूश होतात. पण तो व्हिडिओ पोर पंधरा वर्षांचं होईल तेव्हाही कुठंतरी असणार, आणि त्याला कुणी विचारलेलं नसणार. उपचारासाठी केलेलं चित्रण उपचारापुरतं ठेवावं, काम संपलं की पुसावं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यानंही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती घेण्याची तरतूद केली आहे.

शाळेचंही असंच. बाई विचारतात, "थेरपिस्ट काय म्हणाले?" शाळेला सांगायचं ते पालकांनी लिहून परवानगी दिल्यावर, आणि वर्गात उपयोगी पडेल एवढंच. 'पुढच्या बाकावर बसवा, सूचना एकेक करून द्या' हे शाळेला कळावं. घरात कोण दारू पितं हे कळायचं कारण नाही.

गुपित कुठं संपतं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवली जाणं हा त्यानं हक्क मानला. पण गुप्ततेला कड आहे, आणि ती कड कुठं हे थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत मुलाला आणि पालकांना सांगितलं पाहिजे.

मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे थेरपिस्टलाच नाही, प्रत्येकाला लागू आहे. माहिती असून दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे.

घरी येणाऱ्या थेरपिस्टची इथं खरी परीक्षा असते. त्या घराचा चहा प्यायलेला असतो. मूल ज्याचं नाव घेतं तो काका समोरच बसलेला असतो. आई हात जोडून म्हणते, "घरातली गोष्ट घरात मिटवू." अशा वेळी ज्यानं साडी घेतली, पैसे उसने घेतले, रविवारी जेवायला बसला, त्याची जीभ अडकते. मर्यादा पाळायच्या त्या या एका दिवसासाठी. तो दिवस बहुतेक घरांत कधी येत नाही. पण ज्या पोराच्या आयुष्यात येतो, त्याच्या बाजूनं बोलायला घरात एक तरी मोकळं माणूस हवं.

पालकांनी काय करावं?

पहिल्या भेटीत हे विचारून घ्या. संकोच करू नका, चांगल्या थेरपिस्टला हे प्रश्न आवडतात.

– तुमची नोंदणी कुठं आहे? वाचा-उपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. परिषद १९९२ च्या कायद्यानं चालते, नोंदणी क्रमांक विचारून तपासता येतो.

– सत्राच्या वेळी घरातलं कोण, कुठं बसेल? भाषेची अडचण असेल तर भाषांतर कोण करेल?

– बाहेर भेटलो तर काय करायचं?

– फोन आणि निरोपाची वेळ कोणती? तातडीच्या वेळी कुणाला गाठायचं?

– फोटो-व्हिडिओ कुणाकडे राहतील, कधी पुसणार?

– कोणती गोष्ट तुम्ही गुप्त ठेवू शकणार नाही?

– उपचार थांबवायचे झाले तर मुलाचा निरोप कसा घेणार? मूल जीव लावतं. अक्का एक दिवस यायचीच बंद झाली तर त्याला वाटतं आपलं काही चुकलं. दोन-तीन आठवडे आधी सांगून, दिवस मोजून शेवटची भेट व्हावी.

आणि एक प्रश्न आपण स्वतःला विचारायचा. पोराची गोष्ट आपण कुठं कुठं सांगतो? थेरपिस्टला बांधणारे कायदे आहेत, आचारसंहिता आहे. काकाला, आत्याला, शेजाऱ्याला काहीच बांधत नाही. आमच्या घरात गुपित फुटलं ते मॅडमकडून फुटलं नाही.

भावजय महिनाभरानं पुन्हा पोराला खाली न्यायला लागली. पहिले काही दिवस ती स्वतः पायरीवर बसायची. मॅडमनी तिला एक वाक्य शिकवलं होतं, कुणी विचारलं तर सांगायला : "त्याला बोलायला थोडा वेळ लागतो, तुम्ही त्याच्याशी बोलत राहा." नळावर तिनं ते दोनदा सांगितलं, मग कुणी विचारलं नाही. पोरगं आता दोन-दोन शब्द जोडतं. मला 'काका, चल' म्हणतं.

परवा पुन्हा मॅडम बाजारात दिसल्या. मी लांबूनच नमस्कार केला. त्यांनीही केला. कांदे फार महाग झालेत, एवढंच बोलणं झालं.